परसबाग मंडळाचा बारावा सभासद

कुंभारगाव म्हणून एक गाव होतं आणि त्यात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. एकतीस वर्षं गावाला त्याचा काही त्रास झाला नाही, कारण तो कचेरीत शिपाई होता. कचेरीत सांगितलेलं तेवढंच करायचं असतं. केरबा तेवढंच करायचा. साहेब म्हणाले, "जरा दाराकडे बघ," की साहेब घरी जाईपर्यंत केरबा दाराकडे बघत बसायचा. बदली होऊन जाताना प्रत्येक साहेब म्हणायचा, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. नवे साहेब आठ दिवसांत तेच म्हणायचे, पण वेगळ्या सुरात.

मग केरबा रिटायर झाला आणि त्याला काही सांगणारं उरलं नाही. पहिला आठवडा तो पंख्याकडे बघत बसला. पंखा बंद होता. नवव्या दिवशी त्याची बायको अनसाबाई वैतागली.

"अवो, असं किती दिस बसणार? कशात तरी नाव घाला की तुमचं!"

केरबानं हे मनावर घेतलं. नाव घालायचं म्हणजे यादी पाहिजे. एकतीस वर्षं त्यानं या टेबलावरून त्या टेबलावर याद्या नेल्या होत्या. सत्काराच्या याद्या, समित्यांच्या याद्या, मांडवात पुढे कोण बसणार त्याच्या याद्या. त्यातल्या एकाही यादीत त्याचं नाव नव्हतं. हे त्याला फार लागलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं, एवढंच.

गावात एक सेंद्रिय परसबाग मंडळ होतं. रासायनिक खत घालायचं नाही, विषारी औषध मारायचं नाही, घरच्या कचऱ्याचं खत करून घरच्या कुंडीत घरची भाजी पिकवायची, असा मंडळाचा बाणा होता. मंडळ सहा वर्षांचं होतं आणि सभासद अकरा होते. सहा वर्षांपूर्वीही अकराच होते. अध्यक्ष कुमुदताई घैसास, शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. त्यांच्याच गच्चीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक भरायची. सचिव घोरपडे सर, माजी मुख्याध्यापक. सर माजी झाले होते, हे फक्त सरांना माहीत नव्हतं.

केरबा गच्चीवर जाऊन उभा राहिला. कुमुदताई म्हणाल्या, "बसा."

केरबा तिथंच खाली बसला.

"अहो, खुर्चीवर!"

केरबा उठून खुर्चीवर बसला. ताईंनी त्याला नियम समजावून सांगितले. तीन महिने उमेदवारी करायची, बैठकांना यायचं, शिकायचं, हाताखाली काम करायचं. मग खास बैठकीत ठराव होणार. ठराव पास झाला की मार्चअखेर सभासदांची यादी जिल्ह्याच्या परसबाग संघाकडे जाणार. त्या यादीत नाव आलं की झाला सभासद.

"यादी छापील असती का वो ताई?"

"नाही, मी हातानंच लिहिते."

"हातानं लिवल्यालं तर लईच चांगलं," केरबा म्हणाला. 

पहिला धडा कचऱ्याचा होता. ताई म्हणाल्या, "घरी दोन बादल्या ठेवा. ओला कचरा एकीत, सुका कचरा दुसरीत. बाकी काही नाही."

केरबानं दोन बादल्या ठेवल्या. सकाळी भाजीची सालं ओल्या बादलीत टाकली. दुपारी बघतो तर सालं उन्हानं वाळलेली. मग ती उचलून सुक्या बादलीत. जुनी वर्तमानपत्रं सुक्या बादलीत होती, त्यांवर अनसाबाईच्या हातून तांब्या लवंडला. मग ती उचलून ओल्या बादलीत. संध्याकाळी सालांना दमट हवा लागली, पेपर निम्मे वाळले. केरबानं निम्मे पेपर इकडे आणले. चार दिवस तो या बादलीतून त्या बादलीत कचरा नेत होता. कचेरीत असल्यासारखं वाटून त्याला फार बरं वाटलं.

अनसाबाई गच्चीवर जाऊन ताईंना भेटली. "ताई, ह्यांला काय सांगितलंय तुमी? माणूस जेवाय उठंना. म्हणतो, कांद्याचा पाला अजून पक्का सुकला न्हाई."

ताई हसल्या. त्यांना केरबाची कीव आली, आणि तीन महिन्यांनी ही कीव महागात पडणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. "अहो केरबा, ओलं-सुकं म्हणजे हाताला लागेल ते नव्हे. जे कुजतं ते ओलं. जे कुजतं ते मातीत पुरायचं, जे कुजत नाही ते वेगळं ठेवायचं. कळलं?"

"कळलं ताई."

केरबानं पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढच्या बैठकीला बीवाटप होतं, त्यामुळे खाणं जरा जोरात होतं. कुणी घरची केळी आणली, कुणी अळूवडी, कुणी गुळाची पोळी. ताटं झाकून टेबलावर ठेवली आणि मंडळी खाली अंगणात भोपळ्याच्या बिया बघायला गेली. केरबाला मागे ठेवलं होतं. "तेवढं टेबल बघा हं," असं सांगून.

केरबानं टेबल बघितलं. केळी दोन दिवसांत कुजणार. अळूवडी उद्याच. पोळी चार दिवस राहील, पण कुजणार हे नक्की. त्यानं गच्चीच्या कोपऱ्यातल्या खताच्या हौदात सगळं नीट पुरलं, वर माती पसरली, पाणी शिंपडलं.

मंडळी वर आली. टेबलावर बावीस प्लॅस्टिकचे चमचे आणि अकरा थर्माकोलच्या ताटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.

"ह्ये काय कुजत न्हाई," केरबा म्हणाला. "म्हणून येगळं ठेवलंय."

सेंद्रिय मंडळाच्या टेबलावर प्लॅस्टिक आलं कसं, यावर बोलायची कुणाची तयारी नव्हती. घोरपडे सर तेवढे म्हणाले, "मूर्ख आहे!" पण ते ताटलीकडे बघून म्हणाले, त्यामुळे कुणाला म्हणाले ते नक्की झालं नाही.

महिनाभरात ताईंनी केरबाला कुंड्यांवर घेतलं. "पाणी डोळ्यांनी बघून द्यायचं नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर पाणी नाही. ओल असताना पाणी दिलं तर मुळं कुजतात."

केरबानं पक्कं ध्यानात ठेवलं.

त्याच आठवड्यात मंडळाकडे एक व्याख्याते आले. गांडूळखतावर बोलणार होते. मोठे जाडजूड गृहस्थ, बंद गळ्याचा कोट घातलेले. ऊन मी म्हणत होतं आणि गच्चीला तीन मजले चढायचे होते. वर येऊन त्यांनी खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

केरबा तांब्या घेऊन आला. तांब्या बाजूला ठेवला. मग पाहुण्यांच्या मागे जाऊन त्यानं कॉलरमधून बोट आत घातलं. दोन पेरं.

"ओल हाय," केरबा म्हणाला आणि तांब्या परत घेऊन गेला.

पाहुणे दीड तास बोलणार होते. ते वीस मिनिटं बोलले. जाताना त्यांनी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, "ते मागे उभे होते ते डॉक्टर आहेत का?"

या वेळी मात्र ताई रागावल्या. "अहो केरबा, कुंडी वेगळी आणि पाहुणा वेगळा! पाहुण्याला मागायची वेळ येऊ देऊ नये. न मागता द्यावं. नको म्हणाला तरी द्यावं. संकोचानं नको म्हणतात, आपण आग्रह करायचा."

"आन् पुन्हा नको म्हणाला तर?"

"तर पुन्हा आग्रह!"

केरबानं पक्कं ध्यानात ठेवलं.

घोरपडे सरांकडे निवडुंग होते. बेचाळीस जाती. सरांनी ते पंचवीस वर्षं जमवले होते आणि प्रत्येकाला लॅटिन नावाची पाटी लावली होती. सर आठ दिवस लेकीकडे गेले तेव्हा किल्ली ताईंकडे ठेवून गेले, आणि ताईंनी ती केरबाकडे दिली. "आठवड्यातून एकदा नजर टाका. दुसरं काही लागत नाही त्यांना."

केरबा गेला. बघतो तर सगळे बाहेरगावचे पाहुणे. नावंसुद्धा परदेशी. घरचा मालक गावाला गेलेला, आणि हे बिचारे कोरडे ठणठणीत बसलेले. केरबाला गलबलून आलं. त्यानं पहिल्याला तांब्याभर पाणी घातलं आणि म्हणाला, "घ्या." निवडुंग काही बोलला नाही. संकोच असणार. केरबा म्हणाला, "संकोचू नगा, आपलंच घर समजा," आणि दुसरा तांब्या घातला. बेचाळीस जणांना त्यानं आठ दिवस, दिवसातून तीन वेळा आग्रह केला. काही निवडुंग पाचव्या दिवशीच मान टाकून झोपले. केरबाला वाटलं, पोट भरलं.

सर परत आले तेव्हा घरात बेचाळीस पाट्या उभ्या होत्या.

सरांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना लेखी कळवलं की सदर उमेदवारास सभासद करून घेण्यास त्यांचा तीव्र विरोध आहे, आणि ठराव मांडला गेल्यास ते बैठकीत सविस्तर बोलतील. सर सविस्तर बोलतात म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं.

केरबा मात्र हादरला. नियम असा होता की एकाही सभासदानं उभं राहून हरकत घेतली तर ठराव बारगळतो. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी अनसाबाईनं विचारलं तर म्हणाला, "माजं नाव काय यादीत लागत न्हाई आता." मग तो तोंड फिरवून बसला. अनसाबाईनं तीस वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला मूर्ख म्हटलं नाही.

ताईंनाही वाईट वाटलं होतं. निवडुंगांचं वाटलंच, पण केरबाचं जास्त. अकरा सभासदांत सांगितलेलं काम करणारा एकही नव्हता, आणि हा एक होता तो सांगितलेलंच करत होता. त्यांनी ठरावाच्या आदल्या दिवशी केरबाला मुद्दाम सोपं काम दिलं. "वालाच्या वेलावर मावा पडलाय. तेवढा काढा."

केरबा वेलाखाली पुडी शोधायला लागला. मावा त्याला माहीत होता. सुपारी, तंबाखू, चुना, पानपट्टीवर रगडून मिळतो तो. तो वेलावर कुणी टाकला असेल, याचं त्याला नवल वाटलं.

"पुडी नाही हो," ताई म्हणाल्या. "पानाच्या आतल्या अंगाला असतो. चिकटून बसलेला, काळा. बाहेरून दिसत नाही, पण तिथं फुगवटा येतो. फुगवटा दिसला की समजायचं, आत मावा आहे. मग वेळ घालवायचा नाही. रिठ्याच्या पाण्याचा फवारा, आणि तोही आतल्या बाजूला. वरवर मारून काही होत नाही."

केरबानं पक्कं ध्यानात ठेवलं. फवारणीचा पंप रिठ्याच्या पाण्यानं भरून पाठीला लावला आणि वेल स्वच्छ करून टाकला. ताई म्हणाल्या, "शाब्बास!" हा शब्द त्यानं तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. तो इतका हरखला की दुसऱ्या दिवशी ठरावाच्या बैठकीलाही पंप पाठीला लावूनच आला.

घोरपडे सर लवकर येऊन पहिल्या रांगेत बसले होते. आता सरांचं एक गुपित होतं. ज्या सरांनी पस्तीस वर्षं पोरांचे खिसे तपासले, त्या सरांच्या डाव्या गालात बैठकीच्या आधी एक चिमूट मावा असायचा. सविस्तर बोलायचं असलं की दोन चिमटी. त्या दिवशी सविस्तर बोलायचं होतं.

केरबा जिन्यातून वर आला. सर समोर. डावा गाल फुगलेला. केरबा जवळ गेला, वाकून बघितलं. सरांनी "काय आहे?" म्हणायला तोंड उघडलं. आत काळं होतं. चिकटून बसलेलं.

"मावा!" केरबा ओरडला, आणि वेळ घालवला नाही. फवारा आतल्या बाजूला मारला. वरवर मारला नाही.

केरबाला लगेच गच्चीबाहेर काढण्यात आलं. नाही तरी ठरावाच्या वेळी उमेदवारानं बाहेरच बसायचं असतं. तो जिन्यात पंप मांडीवर घेऊन बसला. आत ताईंनी ठराव वाचला. श्री. केरबा माळवदे यांना सभासद करून घ्यावं. कुणाची हरकत?

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांच्या तोंडातून फेस येत होता. उठून बोलावं तर आधी फेस कसला ते सांगावं लागणार. फेस कसला ते सांगावं तर केरबानं काय बघितलं ते सांगावं लागणार. सर रुमाल तोंडावर धरून बसून राहिले. उभे राहिले नाहीत. ताईंनी तीनदा विचारलं आणि ठराव एकमतानं पास झाला.

"पण यादी संघात दाखल होईपर्यंत त्यांना सांगायचं नाही," ताई सगळ्यांना म्हणाल्या. "आनंदाच्या भरात काय करून बसतील नेम नाही." सगळ्यांना हे पटलं. केरबाला फक्त एवढंच कळवलं की उद्या सकाळी ताईंकडे या, काम आहे.

केरबा सकाळी सातला हजर झाला. ताई शेवंतीच्या कुंडीपाशी होत्या. यादी लिहून टेबलावर ठेवलेली होती, आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी केरबाला बोलण्यात गुंतवलं.

"ही शेवंती बघा. नुसती आहे तेवढीच राहते. पसरत नाही, वाढत नाही. अशा वेळी काय करायचं?"

"काय करायचं ताई?"

"शेंडा खुडायचा. असा, दोन बोटांत धरून, नखानं. जीव हळहळतो, पण हळहळायचं नाही. वरचा एक शेंडा गेला की खाली दहा फुटवे फुटतात."

केरबानं पक्कं ध्यानात ठेवलं.

मग ताईंनी यादी पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. पाकीट चिकटवलं नाही. जिल्ह्याला संघाच्या कचेरीत पोचवायचं, कुणाच्या हातात द्यायचं, पावती घ्यायची, सगळं सांगितलं. "आज शेवटची तारीख आहे. पाचच्या आत दाखल झाली पाहिजे. एकदा शिक्का बसला की वर्षभर त्यात काडीचा बदल होत नाही. आणि केरबा," ताई हसत म्हणाल्या, "सहा वर्षं ही यादी आहे तेवढीच राहिली हो. वाढतच नव्हती."

केरबा एसटीत बसला. पाकीट छातीशी धरलेलं. सबंध रस्ताभर त्याच्या डोक्यात ताईंचं वाक्य घोळत होतं. वाढतच नव्हती. ताईंनी उपाय सांगितला होता. यादी हातात दिली होती. पाकीट उघडं ठेवलं होतं. आणखी स्पष्ट कसं सांगणार?

त्यानं यादी बाहेर काढली. वाचली नाही. वरिष्ठांचा कागद वाचायचा नसतो, हे तो नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकला होता. त्यानं नजर खिडकीबाहेर ठेवली, कागदाचं वरचं टोक दोन बोटांत धरलं आणि नखानं सबंध ओळ अलगद खुडली. जीव हळहळला. पण तो हळहळला नाही. तुकडा त्यानं खिडकीबाहेर सोडून दिला.

साडेतीनला यादीवर शिक्का बसला. पाचच्या गाडीनं केरबा परत आला आणि ताईंच्या हातात शिक्क्याची प्रत ठेवली.

ताईंनी पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. चष्मा लावून त्यांनी प्रत बघितली. एकदा खालून वर मोजली. मग वरून खाली.

"केरबा, ही नावं अकराच कशी?"

"शेंडा खुडला ताई."

ताई खुर्चीत बसल्या. "अहो, खाली शिक्क्याला जागा सोडावी लागते," त्या म्हणाल्या. "म्हणून नव्या सभासदाचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं होतं. ठळक अक्षरात."

"नवा सभासद घेतला व्हता?" केरबाचा चेहरा पडला. आपल्या हातून कुणाचं तरी नुकसान झालं, एवढं त्याच्या ध्यानात आलं. "माणूस चांगला व्हता का ताई?"

"फार चांगला," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग तुमी वाईट वाटून घिऊ नगा," केरबानं त्यांची समजूत घातली. "चांगला असंल तर तो समजून घील. मंडळ वाढायचं म्हणजे एकाला जावंच लागतंय."

ताईंनी मान खाली घातली. केरबा जवळ सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं हळूच म्हणाला, "ताई, आता न्हाईतरी वरची एक जागा मोकळी झालीया. तिथं माजं नाव बसतंय का बघा की."